खोटं भांडण, खरा मार

पत्रकारानं वर्तमानपत्रातली नोकरी सोडली, स्वतःचा डिजिटल मंच उभा केला आणि पुढे त्यातूनच पुस्तक काढलं, असं म्हटलं की आजकाल डोळ्यासमोर एक ठरावीक माणूस येतो. पॉडकास्टवर बसून ‘मी सुरक्षित पगार सोडला’ असं सांगणारा, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हाताची घडी घालून उभा असलेला. पी. साईनाथ यांची कारकीर्द कागदावर मांडली तर नेमकी याच रेषेवरून जाते, आणि तरी ते त्या माणसासारखे अजिबात नाहीत. २०१४ साली त्यांनी ‘द हिंदू’तलं ग्रामीण घडामोडींच्या संपादकाचं पद सोडलं. त्याच वर्षी डिसेंबरात ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजे ‘पारी’, हे संकेतस्थळ सुरू केलं. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘द लास्ट हीरोज’ हे पुस्तक आलं. स्वातंत्र्यलढ्यातल्या, कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसलेल्या माणसांबद्दलचं.

त्या पुस्तकात देशभरातली माणसं आहेत. ओडिशातली देमथी देई आहे, पुरुलियातल्या भवानी महातो आहेत, तमिळनाडूचे शंकरय्या आहेत. मला बोलायचं आहे ते आपल्याकडच्या पानांबद्दल. कुंडल, विटा, रामापूर, शेणोली. आज यातलं शेणोली सातारा जिल्ह्यात आणि बाकीची गावं सांगलीत, पण १९४३ मध्ये जे ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’ उभं राहिलं त्यात हा सगळा एकच मुलूख होता. सांगली जिल्हा वेगळा झाला तो १९४९ मध्ये, तोही आधी ‘दक्षिण सातारा’ या नावानं. ही पानं आपल्याला माहीत असलेल्या गावांची आहेत, म्हणून त्यांचं कौतुक करणं सोपं आहे. मला ती वाचताना आनंदाइतकीच एक अडचणही जाणवत राहिली, आणि ती अडचण पत्रकार ते मंच ते पुस्तक या प्रवासाशीच जोडलेली आहे असं मला वाटतं.

आधी तो प्रवास. साईनाथ इतिहासाचे विद्यार्थी, ‘ब्लिट्झ’मध्ये बरीच वर्षं. १९९३ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाची फेलोशिप घेऊन ते देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत फिरले आणि त्यातून १९९६ मध्ये ‘एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट’ आलं. मराठीत ते ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावानं वाचलं गेलं. पुढे विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचं त्यांचं वार्तांकन सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत एका फॅशन वीकला पाचशेहून अधिक पत्रकार हजर होते आणि त्याच काळात विदर्भात बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके, हा त्यांनी मांडलेला हिशेब इतक्यांदा सांगितला गेलाय की त्याची धार बोथट व्हायला आली आहे. पण तो हिशेबच त्यांच्या पुढच्या निर्णयाचं कारण समजायला पुरेसा आहे. बातमी कुठली छापायची हे जो ठरवतो त्याच्याशी वीस-पंचवीस वर्षं वाद घातल्यावर माणूस एक दिवस म्हणतो, छापखानाच आपला काढू.

साईनाथांना कुणी ‘फाउंडर’ म्हणावं असं त्यांना वाटत असेल असं नाही. ‘पारी’ नफ्यासाठी नाही, एका न्यासाखाली चालते, जाहिराती घेत नाही, वाचकाकडून पैसे मागते पण वाचण्याचे पैसे घेत नाही. तरी तंत्रज्ञानाच्या बाजूनं पाहिलं तर हा उद्योगच आहे आणि छोटा नाही. एकच मजकूर डझनाहून अधिक भारतीय भाषांत लावायचा, त्याला छायाचित्रं, ध्वनी, चित्रफिती जोडायच्या, आणि हे सगळं दहा वर्षांनी शोधलं तरी सापडेल असं ठेवायचं. वर्तमानपत्राची कात्रणं वाळवीला जातात हे ज्यांनी तालुक्याच्या वाचनालयात पाहिलंय त्यांना या शेवटच्या कामाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

शाईचे पैसे कोण देतं, हा प्रश्न या मुलुखाला नवा नाही. कुंडलपासून हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांचा कारखाना हलवला. लोखंडाच्या फाळानं जमीन विषारी होते असं मानणाऱ्या शेतकऱ्याला तो नांगर विकायचा होता. शंकरराव किर्लोस्कर तिथे जाहिरातीचं काम पाहायला आले, आणि १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. ‘खबर’ पुढे गळून पडलं, ‘किर्लोस्कर’ उरलं, १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याला जोडून आले. म्हणजे इथे प्रवास उलट्या दिशेनं झाला. आधी यंत्र, मग मासिक, मग म्हातारपणी पुस्तक. १९७४ च्या त्या आत्मचरित्राचं नाव ‘शंवाकीय’. संपादकीयावरची ही कोटी मला फार आवडते, कारण त्यात माणूस आणि त्याचं पान वेगळं काढता येत नाही. कारखाना पाठीशी होता म्हणून त्या मासिकाला बुवाबाजीवर तुटून पडता आलं, सावरकरांचे विज्ञानावरचे लेख छापता आले. आणि कारखाना पाठीशी होता म्हणूनच त्याचा एकूण सूर कायम उमेदीचा राहिला. उद्योग करा, पुढे व्हा, नशिबाला दोष देऊ नका. हा सूर वाईट नव्हता. पण नशिबाला नाही तर सावकाराला दोष द्यायचा असेल, तर त्या पानावर जागा कमी होती.

त्याच काळात, शेजारच्या कुंडलमध्ये, सावकाराला दोष देणारी माणसं नुसता दोष देऊन थांबत नव्हती. तीच माणसं सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी साईनाथांना भेटली.

रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे कॅप्टन भाऊ, हे तुफान सेनेचे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराचे पैसे घेऊन जाणारी रेल्वे त्यांनी आणि साथीदारांनी अडवली. साईनाथांना त्यांनी ठणकावून सांगितलं की याला लूट म्हणू नका. इंग्रजांनी लोकांकडून नेलेलं लोकांकडे परत आणलं, एवढंच. रामापूरचे गणपती बाळ यादव निरोप्याचं काम करत. भूमिगतांपर्यंत निरोप आणि भाकरी पोचवायची, पायी, मैलोन्‌मैल. सायकल ते नंतर शिकले आणि नव्वदी उलटल्यावरही चालवत राहिले. साईनाथांचं लेखन इथे फार चांगलं आहे. ते यादवांच्या शौर्याचं वर्णन करत बसत नाहीत, सायकलवर लक्ष ठेवतात. म्हातारा सायकलवर टांग टाकतो आणि वाचक आपोआप त्याच्या मागे जातो.

मग येतात हौसाताई. हौसाबाई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. त्यांची गोष्ट मी आधी फोनवर चित्रफितीत पाहिली आणि खूप नंतर पुस्तकात वाचली. हा क्रम सांगणं गरजेचं आहे.

भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं पळवायची होती. पोलिसांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून हौसाताई आणि नवऱ्याचं सोंग घेतलेल्या एका साथीदारानं ठाण्यासमोर भांडण लावलं. नवरा बायकोला भर रस्त्यात बडवतोय, दगड उचलून जीवच घेतो म्हणतोय, ती किंचाळतेय. पोलीस सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात साथीदारांनी आतली कामगिरी उरकली. नंतर हौसाताई त्या खोट्या नवऱ्यावर खरोखर चिडल्या होत्या, कारण त्यानं मार खरा मारला होता. त्याचं उत्तर असं की खरं वाटायला नको का. हे सगळं त्या हसत सांगतात. साईनाथही हसत ऐकतात, हसत लिहितात, आणि आपण वाचकही हसतो.

माझ्या मते या पुस्तकातला सगळ्यात मोठा प्रसंग हा आहे आणि पुस्तकानं तो जितका वाचायला हवा तितका वाचलेला नाही. नाटक चाललं ते कशाच्या जोरावर, हे एकदा बघा. रस्त्यावर नवरा बायकोला मारतोय यात कुणालाच संशयास्पद काही वाटलं नाही. हे रोजचंच होतं. ज्या गोष्टीला प्रतिसरकारच्या गावांतही कुणी गुन्हा समजत नव्हतं, तिचाच पडदा करून एका बाईनं साम्राज्याच्या ठाण्यात चोरी होऊ दिली. आणि त्या पडद्याची किंमत तिनं अंगावर घेतली, साथीदारांनी नाही. नंतर तिचा राग आणि त्या खोट्या नवऱ्याचं उत्तर, या दोन ओळींत एका चळवळीची अख्खी कादंबरी आहे. स्वातंत्र्याच्या लढ्यात बाईला लागलेला मार खोट्या भांडणातला म्हणून कुठेच नोंदला जात नाही. खरा असूनही.

एखादा कथाकार इथे थांबला असता. चांगला बातमीदार इथून पुढे जातो, कारण त्याला अजून मांडवी नदी सांगायची आहे. गोव्यात अटकेत असलेल्या साथीदारापर्यंत हौसाताईंनी केसांत लपवून चिठ्ठी पोचवली, आणि परतताना रात्री लाकडी खोक्यावर पडून नदी पार केली. हाही प्रसंग थरारकच. पण दोन थरार एकापाठोपाठ एक आले की पहिल्यात जे खुपत होतं ते निघून जातं. इथे मला पुस्तकाच्या नावातला अंतर्विरोध जाणवतो. मुख्य नावात ‘हीरोज’ आहे आणि उपशीर्षकात ‘फूट सोल्जर्स’, म्हणजे पायदळातले साधे शिपाई. साईनाथांची नजर शिपायाची आहे. त्यांना कोण चाललं, किती चाललं, भाकरी कुणी बांधून दिली हे दिसतं. मांडणी मात्र वीराची आहे, आणि वीराच्या गोष्टीत बाईला लागलेला मार गमतीचा भाग होतो.

ही मांडणी कुठून येते? मला वाटतं, मंचातून. साईनाथांच्या हेतूबद्दल मी बोलत नाही, तो स्वच्छच आहे. पण ज्या संकेतस्थळाला जाहिरातदार नको, मालक नको, त्याला वाचकाच्या मनाशी थेट नातं जोडावं लागतं. केरळातला, बंगालमधला, अमेरिकेत नोकरी करणारा वाचक कुंडल नकाशावर शोधणार नाही. त्याला पहिल्या परिच्छेदात हेलावून जायला हवं. त्यामुळे प्रत्येक माणूस आधी विलक्षण आणि मग माणूस होतो. किर्लोस्करांच्या पानावर कारखान्याची उमेद होती, इथे वाचकाचा गहिवर आहे. दोन्ही चांगल्याच गोष्टी, आणि दोन्हींची आपापली एक आंधळी बाजू.

प्रतिसरकारला लोक ‘पत्री सरकार’ का म्हणत, हा त्या आंधळ्या बाजूतलाच प्रश्न. तळपायावर बसणाऱ्या शिक्षेशी लोक ते नाव जोडतात. गावगुंड, सावकार, फितूर यांना ती शिक्षा होई. न्याय होता, पण तो काठीनं होत होता, आणि काठी कुणाच्या हातात असावी यावर गावागावात मतं होती. अ. बा. शिंदे यांनी १९९० मध्ये साताऱ्याच्या या सरकारवर इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला. कासेगावला येऊन इथल्याच झालेल्या गेल ऑम्व्हेट यांनीही यातल्या जात-वर्गाच्या गुंत्याकडे बारकाईनं पाहिलं. त्या लेखनात हौसाताईंचं हसू नाही. साईनाथांकडे हसू आहे, गुंता कमी आहे. कुणाला दोन्ही हवं असेल तर दोन्ही वाचावं लागेल.

दुसरी अडचण भाषेची. कॅप्टन भाऊंनी केलेला एक फरक साईनाथांनी पुस्तकाच्या गाभ्याशी ठेवला आहे. ‘फ्रीडम’ आणि ‘इंडिपेंडन्स’ अशा दोन गोष्टींसाठी ते लढले, त्यातली दुसरी मिळाली, पहिली अजून यायची आहे. इंग्रजीत ही जोडी लखलखीत उठून दिसते. आता ती कुंडलमध्ये परत आणून बघा. आपल्याकडे दोन्हींना स्वातंत्र्यच म्हणतात. अनुवादकाला मग दुसरा शब्द शोधावा लागतो, ‘मुक्ती’ म्हणा किंवा ‘मोकळीक’. पण मुक्ती म्हटलं की कीर्तन आठवतं, मोकळीक म्हटलं की सासरहून माहेरी आलेली मुलगी. यातला कुठलाही शब्द वाईट नाही. उलट प्रत्येक शब्दाबरोबर त्या म्हाताऱ्याच्या मनातला वेगळा देश दिसतो. इंग्रजी पुस्तक वाचणाऱ्या सातारा-सांगलीच्या वाचकाला आपल्याच पणजोबाचं वाक्य परदेशातून आलेल्या पत्रासारखं मिळतं. ते उलट भाषांतरित करून वाचताना मनात जे होतं, त्याचा विचार इंग्रजी समीक्षकांना करावाच लागत नाही.

आणि नेमकं इथेच तंत्रज्ञान पुस्तकाच्या पुढे जातं. ‘पारी’वर हे लेख मराठीत आहेत, चित्रफिती आहेत. हौसाताईंच्या चित्रफितीत त्यांचा स्वतःचा आवाज आहे, विट्याच्या बाजूची बोली आहे, वाक्य मध्येच तोडून हसणं आहे. खोट्या नवऱ्यानं खरं मारलं हे सांगताना चेहरा किंचित बदलतो आणि परत हसू येतं. तो क्षण मी दोन-तीनदा मागे नेऊन पाहिला. पुस्तकात मला जे कमी पडलं ते या काही सेकंदांत होतं. म्हणून म्हणालो की क्रम महत्त्वाचा. ज्यांनी पुस्तक आधी वाचलं असेल त्यांनी फोन काढून ती चित्रफीत जरूर बघावी.

‘पारी’वरचं माझं सर्वांत आवडतं काम मात्र यातलं काहीच नाही. ते जात्यावरच्या ओव्यांचं आहे. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांत फिरून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, बर्नार बेल या संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या माणसानं त्यांचा माहितीकोश उभारायला मदत केली, आणि हा सगळा साठा ‘पारी’नं गाणारणीच्या नावागावासह लोकांपुढे आणला. तिथे कुणी वीर नाही. बाई काय सांगणार आणि कुठे थांबणार हे बाईच ठरवते. भावाचं कौतुक, सासूचा राग, नवऱ्याचा मार, सगळं एकाच चालीत येतं आणि पत्रकाराला त्यात घुसायला जागाच नसते. साईनाथांच्या मंचानं केलेलं सर्वांत मोठं साहित्यिक काम हे, असं मी म्हणेन, आणि त्यात साईनाथांच्या शैलीचा एकही शब्द नाही. मंच काढणाऱ्या लेखकाला याहून चांगलं प्रशस्तिपत्र कुठलं?

पुस्तकाची बाजू घ्यायची तर एका ठिकाणी ते कुणालाही हार जात नाही. स्वातंत्र्यसैनिक कोण, याची सरकारी व्याख्या. केंद्राच्या सन्मान योजनेत पुरुषाला सहा महिन्यांची कैद दाखवावी लागते, बाईला तीन. भूमिगत असाल तर तुमच्या नावानं निघालेला हुकूम दाखवा. म्हणजे जो पकडला गेला तो सैनिक. जो इतका हुशार की सापडलाच नाही, किंवा जिला पकडावं असं कुणाला सुचलंच नाही, ती कागदावर नाही. पुरुलियाच्या भवानी महातो भूमिगतांसाठी स्वयंपाक करून पाठवत राहिल्या. त्या स्वतःच म्हणतात, मी कुठली स्वातंत्र्यसैनिक. साईनाथ तिथे त्यांच्याशी वाद घालत नाहीत, फक्त किती माणसांचा किती वेळचा स्वयंपाक हे विचारत जातात. हिशेब वाढत जातो आणि व्याख्या आपोआप कोसळते. ही जुनी बातमीदारी आहे, दुष्काळाच्या काळात कमावलेली. व्याख्येविरुद्ध एक अग्रलेख लिहिला असता तर तो विसरला गेला असता.

हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या. कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये. पुस्तक त्यानंतर आलं. वर्तमानपत्रात कुणी त्यांच्याकडे वेळेवर पोचलं नव्हतं असं नाही, स्थानिक अंकांत दर ऑगस्टला छायाचित्र येतच असे. पण शांत बसून, पुन्हा पुन्हा जाऊन, बोलू देऊन कुणी ऐकत नव्हतं. नोकरी सोडल्याचा फायदा हाच झाला की ऐकायला वेळ मिळाला.

हौसाताईंवरचा लेख संपतो तिथे त्या साईनाथांनाच विचारतात, मग मला घेऊन जाताय का? साईनाथ गोंधळून विचारतात, कुठे? तर म्हणतात, तुमच्याबरोबर काम करायला, ‘पारी’मध्ये. आणि हसतात. नव्वदी ओलांडलेली बाई बातमीदाराची नोकरी मागते आहे. लेखात हा गोड शेवट म्हणून येतो. मी तो प्रत्येक वेळी अर्ज म्हणून वाचतो, आणि तिला घेतलं असतं तर भवानीनगरची बातमी तिनं कुठून सुरू केली असती याचा विचार करतो. ठाण्यापासून, की दगडापासून.